शरधीचा होकार

९ जानेवारी

वेगळं व्हायचं ठरलं. शिमोग्याला ऐताळ वकिलांच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर शैलजा आणि मी समोरच्या हॉटेलात कापी प्यायलो. भांडण नाही, आवाज नाही. कितीतरी दिवसांनी आम्ही समोरासमोर बसून अख्खा कप संपवला. वेटरला वाटलं असेल, काय गोड जोडपं आहे.

तिची मंगळूरची बदली हे निमित्त. बँकेने बढती दिली, ती गेली. मी तीर्थहळ्ळीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर, मी इथेच राहिलो आणि मुली माझ्याकडे. पण ती जायच्या आधीच आमचं बोलणं संपलं होतं. बोललो की तिसऱ्या वाक्याला ठिणगी. इतक्या वर्षांत कोण कधी काय म्हणालं, याबाबत दोघांचीही स्मरणशक्ती तल्लख.

घर, सामान, बँकेतलं, सगळं पटापट मिटलं. ऐताळसुद्धा चकित झाले. अडलं ते मुलींपाशी. जूनपासून दोघींना मंगळूरला नेणार असं ती म्हणाली. मी म्हणालो, शक्य नाही.

शरधी तेरा वर्षांची, इंचरा आठची. इथे त्यांची शाळा, तुंगा नदी, मागचा गोठा, दोन गल्ल्या सोडून माझी बहीण. तिथे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी मुलींना जाऊ देणार नाही. दवाखान्याची डायरी सोडली तर मी कधी काही लिहीत नाही, पण हे तारखेसकट लिहून ठेवतो. माझं मन डळमळू नये म्हणून.

१२ जानेवारी, रविवार

शैलजा आली होती. मुलींना सांगितलं. आधी ठरवल्याप्रमाणे मी अर्धं बोललो, तिने अर्धं. मुलांचा यात काही दोष नाही, आम्ही दोघं तुमचेच आहोत, वगैरे.

इंचूने विचारलं, "म्हणजे आता भांडण होणार नाही?"

"नाही होणार," शैलजा म्हणाली.

"मग वेगळं कशाला व्हायचं?"

शरधी नख कुरतडत बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला विचारताय की सांगताय?"

मी म्हणालो, "सांगतोय. हा मोठ्यांचा निर्णय आहे."

"मग बसवून कशाला सांगता? दवाखान्यात लावता तशी नोटीस लावायची."

शैलजा माझ्याकडे बघून जरासं हसली. मला हसू आलं नाही. ही जीभ आईची आहे.

"आम्ही कुठे राहायचं ते पण ठरलंय?" शरधीने विचारलं.

"ते बघू," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. इतक्या दिवसांत आमचं पहिलं एकमत.

२६ जानेवारी

वनजक्का आली. माझी थोरली बहीण. आली की घर तिचं. मुलींपुढेच म्हणाली, "नागू, पोरींचं काय ठरलं?"

"अक्का, अजून बोलणी चालू आहेत. कोर्टात म्हणे मुलांनाही विचारतात."

"पोरांना काय विचारायचं? वासराला विचारून दावं बांधतोस का तू?"

मी हसलो. शरधी कडुबूचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अत्ते, वासरू हिसके द्यायला लागलं की अप्पा दावं बदलतात. मी बघितलंय."

वनजक्काने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "हिला वकील कर."

शरधी हल्ली स्वयंपाकघरात फार असते. सकाळी मी उठायच्या आत उप्पीट तयार असतं. मी म्हटलं, तुझा व्हॉलीबॉलचा सराव असतो ना सकाळ-संध्याकाळ? म्हणाली, सोडला, कंटाळा आला. या वयात मुलींच्या आवडी बदलतात. घराची ओढ वाढली आहे हे चांगलंच. ऐताळांना हे सांगायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असूनही पहाटे मेगरवळ्ळीच्या बाजूहून फोन. गाय अडली होती, वासराचं डोकं मागे वळलेलं. शरधी न बोलावता जीपमध्ये येऊन बसली. टॉर्च धरला, गरम पाणी आणलं, वासरू बाहेर आल्यावर नाकातोंडातलं पुसलं. गोठ्याचा मालक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचा वारस तयार आहे."

मला फार बरं वाटलं. अशी मुलगी शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर काय करणार?

परत येताना तिने विचारलं, "अप्पा, तुम्ही इतके गप्प का असता?"

"गाडी चालवतोय."

"गाडी चालवतानाच तर तुम्ही बोलता. घरी तर तेही नाही."

मग मी तिला लाळ्या-खुरकुताच्या लसीबद्दल सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. या विषयात तिला खरंच रस आहे.

आज इंचूची खोली रंगवायला घेतली. फिकट पिवळा. शरधी दारात उभी राहून बघत होती. "अप्पा, आत्ताच का?" मी म्हटलं, भिंती खराब झाल्या होत्या. झाल्याच होत्या.

२१ फेब्रुवारी

ऐताळांनी फोनवर सांगितलं, "थोरलीचं वय बघता तिचं म्हणणं वजनदार ठरेल. तिने न्यायाधीशांपुढे सांगितलं की वडिलांकडेच राहायचंय, तर धाकटीलाही तिच्यापासून तोडणार नाहीत. तेव्हा जरा समजावून ठेवा."

समजावून ठेवा. मला शब्द आवडला नाही. पण संध्याकाळी तिला घेऊन नदीवर गेलो. राममंटपापाशी बसलो. सरळ विचारायचं ठरवलं होतं. विचारलंही सरळच.

"शरधी, तू माझ्याकडेच राहणार ना? तसं सांगशील ना?"

ती पाण्याकडे बघत राहिली. मी घाई केली नाही. मग म्हणाली, "हो, अप्पा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने हसून पुन्हा म्हटलं, "हो. काळजी करू नका."

आता मला कुणाची भीती नाही. कोर्टात जायला मी तयार आहे.

ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली. जिऱ्याचं पाणी दिलं.

५ मार्च

शैलजाचा फोन. दवाखान्यात, भर गर्दीत. "तुम्ही शरधीला काय पढवताय?"

"मी? काही नाही. तिने आपणहून सांगितलंय, ती इथेच राहणार."

"आपणहून? शिवरात्रीला ती इथे आली होती तेव्हा मी तिला विचारलं. माझ्याबरोबर राहशील ना म्हणून. तिने हो म्हटलंय. माझ्या गळ्यात हात टाकून हो म्हटलंय!"

मी म्हणालो, खोटं. ती म्हणाली, तुम्हीच खोटं. मी म्हणालो, तुझी सवयच आहे. ती म्हणाली, आणि तुमची? दारात एक म्हातारा बकरी घेऊन उभा होता. तो बकरीसकट मागे सरकला.

मग दोघंही थांबलो. फोन चालू होता.

"तिने दोघांनाही हो म्हटलंय," शैलजा म्हणाली.

"हं."

"अहो, मग ती स्वतःला काय म्हणत असेल?"

मी म्हटलं, पेशंट आहे, आणि फोन ठेवला. बकरीला नुसता गोचिडांचा त्रास होता. तरी तिला तपासायला मी फार वेळ घेतला.

६ मार्च

आज शरधीला काही विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असंच लिहायला हवं. तिने मात्र मला बरोबर ओळखलं. चपला घालताना म्हणाली, "अम्माचा फोन आला होता ना? रविवारी तिला बोलवा. तुम्ही दोघं बसा. इंचू आणि मी बोलणार आहोत. तुमचे फोन बंद. आणि अत्ते नकोत."

"आणि मी काही बोललो तर?"

"आधी आमचं. मग तुमचं."

९ मार्च, रविवार

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी चौघं बसलो. शैलजाने येताना नीर दोसे करून आणले होते, डब्याला कुणी हात लावला नाही. इंचूने केस नीट विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, शाळेच्या कार्यक्रमाला जावं तशा.

शरधी उभी राहिली. "आम्ही ठरवलंय. मी अप्पांकडे राहणार. इंचू अम्माकडे. म्हणजे कुणीच एकटं राहणार नाही. सुट्टीत अदलाबदल."

मग तिने इंचूकडे बघितलं. इंचू पाठ केल्यासारखं बोलली, "मला मंगळूर आवडतं. मला समुद्र आवडतो. मला तिथली शाळा..." पुढचं आठवेना. शरधीच्या ओठांकडे बघायला लागली.

"तिथली शाळा मोठी आहे," शरधी हळूच म्हणाली.

"तिथली शाळा मोठी आहे," इंचू म्हणाली आणि बसली.

शैलजा रडायला लागली. मी रडलो नाही. खरं लिहायचं तर मला आधी बरं वाटलं. शरधी माझ्याकडे राहणार. मग इंचूच्या वेण्यांकडे लक्ष गेलं आणि ते बरं वाटणं उतरलं. मुलींच्या बाबतीत आम्हा दोघांचं आणखी कशावर नाही, पण एवढ्यावर एकमत होतं की दोघींना तोडायचं नाही. आणि त्यांनीच तोडून घेतलं.

तरी योजना वाईट नाही. डोकं लावून केलेली आहे. शैलजाही शेवटी म्हणाली, त्यांनीच ठरवलंय तर आपण कोण. आम्ही दोघांनी त्यांचं कौतुक केलं. शरधी हसली. इंचू गोठ्यात निघून गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

शिमोग्याला फॅमिली कोर्ट. तिथल्या समुपदेशक झुबेदा मॅडम, साठीच्या आसपासच्या, पांढरे केस, बोलणं कमी. आम्ही मोठ्या उत्साहात मुलींची योजना सांगितली. दोघंही एका बाजूने बोलतोय हे बघून ऐताळांचा चेहरा पडला.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मुलींशी मी एकटी बोलते. तुम्ही बाहेर."

आम्ही बाहेरच्या बाकावर. आत काय चाललंय काही कळेना. एकदा इंचूच्या हसण्याचा आवाज आला. शैलजाने पर्समधून संत्रं काढून सोललं आणि अर्धं मला दिलं. मी घेतलं.

मग आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "यांना तुमच्याशी बोलायचंय. मी विचारून घेतलंय, त्या स्वतः बोलणार. मध्ये कुणी बोलायचं नाही. डॉक्टर, तुम्हाला विशेष सांगते."

शरधी माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"एकेकीने वाटून घ्यायचं, ते मी ठरवलं होतं. इंचूला मी शिकवलं. तिला नको होतं. मी तिला म्हटलं, तू अम्माकडे गेली नाहीस तर अम्मा रोज रडेल."

शैलजाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मॅडमनी नुसतं बोट वर केलं.

"मॅडम म्हणाल्या, अप्पा ठीक राहतील, अम्मा ठीक राहील, ते त्यांचं ते बघतील असं समज. मग तुला काय हवंय? मला काही सुचेनाच. खूप वेळ." तिने एकदा मॅडमकडे बघितलं आणि पुढे बोलली. "मला मंगळूरला जायचंय. अप्पा, तुमचा राग आहे म्हणून नाही. घरी मी सारखी कान देऊन असते. तुम्ही उठलात का, फोनवर कुणाशी बोलताय, आवाज कसा येतोय. शाळेतसुद्धा माझं लक्ष घरीच. व्हॉलीबॉल मला कंटाळा आला म्हणून नाही सोडला. संध्याकाळी तुम्ही येता तेव्हा घर रिकामं असतं, म्हणून सोडला. तुम्ही सोड म्हणाला नव्हतात. मीच सोडला. पण मला खेळायचंय."

शैलजाने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"आता मी," इंचू म्हणाली. "मला शरधीअक्काबरोबर राहायचंय. आणि सुट्टीत गाईंबरोबर. आणि मला परत कुणी विचारू नका, माझं पोट दुखतं."

झुबेदा मॅडम आम्हाला म्हणाल्या, "मुलींनी त्यांचं म्हणणं सांगितलं. निर्णय त्यांचा नाही, तुमचा. तुम्ही काहीही ठरवलंत तरी, 'तूच म्हणाली होतीस' असं यांना पुढे कधी ऐकवायचं नाही. एवढं मला कबूल करा."

शैलजाने मान हलवली. मी उठून बाहेर आलो.

२२ मार्च

शाळेतली पोर. तिला काय कळतं? ऐताळ म्हणाले, "आईने पढवलंय हे दाखवता येईल. फेब्रुवारीत एक बोलली, मार्चच्या सुरुवातीला दुसरं, आता तिसरं. अशा साक्षीला अर्थ नसतो. तुम्ही म्हणत असाल तर परस्पर संमती मागे घेऊ आणि ताब्यासाठी लढू." वनजक्का म्हणाली, "मी सांगत नव्हते? पोरींना विचारायला गेलास आणि हातातलं घालवलंस."

मी शरधीला काय कमी केलं? कधी हात उगारला नाही, कधी ओरडलो नाही. घर रिकामं असतं म्हणे. मी मागितलं होतं का कुणी थांबायला? गुरांच्या मागे दिवसभर वणवण करून माणूस घरी आल्यावर त्याने दारात उभं राहून गाणी म्हणायची का?

लढायचं. सोमवारी ऐताळांना होकार देतो.

२३ मार्च, रविवार

सकाळी गोठ्यात धारा काढत होतो. शरधी आली. हातात माझ्यासाठी कापीचा पेला.

"अप्पा, मी राहते."

मी मान वर केली.

"मॅडमपुढे मी उगीच काहीतरी बोलले. घाबरले होते. तुम्ही ऐताळकाकांना सांगा, मी न्यायाधीशांना नीट सांगेन. मी तुमच्याकडेच राहते. खरंच."

ती हसत होती. नदीवर हसली होती तशीच. टेबलापाशी आम्ही कौतुक केलं तेव्हा हसली होती तशीच. आणि शैलजाच्या गळ्यात हात टाकला तेव्हाही तशीच हसली असणार. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ही मुलगी रात्री झोपली नव्हती आणि मी काल दिवसभर घरात दारं आपटत फिरत होतो.

मला जे हवं होतं ते ती पेल्यासकट पुढे करून उभी होती. हात पुढे केला की माझं. हे इथे कबूल करतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. गाय शेपटी मारत होती, भांड्यात दूध पडत होतं, मी तसाच बसून राहिलो.

मग म्हणालो, "नाही."

"म्हणजे?"

"शुक्रवारी बोललीस तेच धरायचं. हे आजचं मला नको."

"पण अप्पा, मला खरंच..."

"शरधी, मला स्वयंपाक येतो. वाईट येतो, पण येतो. मी चव्वेचाळीस वर्षांचा घोडा आहे. संध्याकाळी घर रिकामं असलं तर मी दिवा लावीन. ते तुझं काम नाही."

तिने पेला खाली ठेवला. आधी नुसती उभी राहिली, मग गोठ्याच्या खांबाला टेकून रडायला लागली. मोठ्याने, अगदी लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मी हात धुतले आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. कापी गार झाली.

दुपारी ऐताळांच्या घरी फोन करून सांगितलं, लढायचं नाही. ते म्हणाले, भावनेच्या भरात बोलताय, दोन दिवस थांबा. मी म्हटलं, दोन दिवस थांबलो तर माझं मन बदलेल, म्हणूनच आज सांगतोय.

१३ एप्रिल

कागद पक्के करायला शैलजा आली. पुन्हा तेच टेबल, पण या वेळी दोसे खाल्ले. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी मंगळूरला जायचं किंवा मुली इकडे. उन्हाळ्याची आणि दसऱ्याची सुट्टी निम्मी इथे. शैलजाला पूर्ण दसरा हवा होता. मी अडून बसलो. आवाज चढले. शरधी पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "आम्ही बाहेर जाऊ का?" आवाज उतरले. दसरा निम्मा झाला.

निर्णय आम्ही दोघांनी घेतला आणि आम्ही दोघांनी मिळून मुलींना सांगितला. मग विचारलं, यात तुम्हाला काही घालायचंय का?

शरधी म्हणाली, "एकमेकांना निरोप आमच्याकडून पाठवायचे नाहीत. तुमच्याकडे फोन आहेत."

इंचूने विचारू नका असं सांगितलं होतं म्हणून तिला विचारलं नाही. तर ती रुसली. "मला पण आहे सांगायचं. अप्पा, फोनवर 'अम्मा काय करतेय' असं नाही विचारायचं."

"मग काय विचारू?"

"मी काय करतेय ते विचारा की!"

वनजक्काला संध्याकाळी जाऊन सांगितलं. ती आधी भडकली. बाप असून पोरी हाताने घालवल्यास, लोक काय म्हणतील, शैलजाने तुला गुंडाळलं. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणालो, "अक्का, शिव्या मला दे. पोरींपुढे यातलं एक अक्षर काढलंस तर मी तुझ्याकडे येणार नाही." असं मी तिच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. ती बघतच राहिली. मग पदराने डोळे पुसत आत गेली आणि आप्पेमिडीच्या कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन बाहेर आली. "त्या मंगळूरच्या लोकांना लोणचं घालता येत नाही," म्हणाली.

२५ मे

आगुंबेचा घाट उतरून मुलींना सोडून आलो. वळणांवर इंचूला दोनदा ओकारी झाली. सामान तिसऱ्या मजल्यावर मीच चढवलं. शैलजा म्हणाली, जेवून जा. थांबलो नाही. जास्त लिहिता येत नाही.

१७ जून

पिवळ्या खोलीचं दार लावून टाकलं होतं. आज उघडलं, कुबट वास येत होता.

सारखं वाटतं की चूक केली. शैलजाच्या नंबरवर दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. काय म्हणणार होतो? मुली परत पाठव? ऐताळ म्हणाले होते की वर्षभराने अर्ज करता येतो. ते वाक्य दिवसभर डोक्यात. संध्याकाळी इंचूचा फोन आला. मी विचारलं, तू काय करतेयस? तिने अर्धा तास सांगितलं. तिच्या वर्गात एक मुलगा पेन्सिल खातो.

शरधी फोनवर दोन मिनिटं आली. सराव आहे म्हणाली आणि गेली. घाईत होती. मला राग आला, मग वाटलं, जाऊ दे.

अर्ज करणार नाही.

१२ जुलै, दुसरा शनिवार

मुली इकडे येणार होत्या, पण शरधीचा सामना होता म्हणून मीच खाली मंगळूरला उतरलो. शरधीचा संघ हरला. शरधीने दोन सर्व्हिस जाळ्यात घातल्या आणि पंचाशी हुज्जत घातली. मी टाळ्या वाजवल्या तर आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हरल्यावर कोण टाळ्या वाजवतं?

नंतर फ्लॅटवर गेलो. शैलजाने कापी दिली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. दसऱ्याच्या तारखा एकदा बोलून झाल्या, पुन्हा एकदा बोललो.

इतक्यात आतल्या खोलीत धाडकन काहीतरी पडलं.

"माझ्या टी-शर्टाने पाय पुसलेस तू?" शरधी ओरडली.

"तो जमिनीवर होता!"

"जमिनीवर होता म्हणून काय पायपुसणं झाला? माकड!"

"तूच माकड! हरलेलं माकड!"

मग धावाधाव, उशा, किंचाळणं, दार आपटलं. शेजारच्या फ्लॅटमधून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. शैलजा उठली. "रोजचं आहे हे," ती म्हणाली. "तुमच्याकडे असं भांडायच्या का हो?"

मी आठवून बघितलं. शैलजा बदलीला गेल्यापासून आमच्या घरात शरधीचा आवाज कधी चढल्याचं मला आठवेना. इतका मोठा आवाज तिला आहे हेच मला माहीत नव्हतं.

"बस गं," मी म्हणालो. "भांडू दे."

ती बसली. शरधी दार उघडून बाहेर आली, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता मला मध्ये घेणार. मी तयारीत होतो.

"अप्पा, तुम्ही मध्ये पडू नका हं!" ती माझ्यावरच ओरडली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पुन्हा आत गेली.

शैलजाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. ती आधी हसली.

चार वाजता निघालो. घाट चढायचा होता. खाली येऊन जीप सुरू केली, तरी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोघींचा आवाज येतच होता. गल्लीतली माणसं वर बघत होती. मी इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ ऐकत बसलो.